या वयात हार्ट?

रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडी नावाचं गाव आहे. १९७६ साली तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा कोकणात विंचू चावणं ही काही बातमी नव्हती. लाकडाच्या ढिगात हात घातला, पेंढा उचलला, कौलं शाकारली, अंधारात चपलेत पाय सरकवला, की नांगी बसायची. कुणी उतारा करायचं, कुणी पाला चोळायचं, रात्र ठणकत जायची आणि सकाळी माणूस कामाला लागायचा. लाल विंचवाची गोष्ट निराळी होती. त्याचा डंख झालेलं पोर आधी घामानं निथळायचं, भडाभडा ओकायचं. मग त्याचे हातपाय गार पडायचे. काही तासांत धाप लागायची, खोकल्याबरोबर गुलाबी फेस यायचा, आणि पुष्कळदा सकाळ उजाडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची.

तो गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसांत उतरलेलं पाणी. विंचवाचं विष फुप्फुसाला डसत नाही, ते मज्जातंतूंना पेटवतं. शरीरात अॅड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो. पाण्याच्या पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबून धरावं आणि मागे मोटर चालूच ठेवावी, तशी हृदयाची गत होते. आदल्या दिवशी झाडावर चढणाऱ्या पोराचं धडधाकट हृदय एका रात्रीत हात टेकतं. बावस्कर अशा रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारवा टिपत राहिले. त्यांची निरीक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये तेही जगापुढे मांडलं. आधी अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरातले तीस-चाळीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. पुढे २०११ मध्ये महाडच्याच रुग्णांवरचा त्यांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विंचवाचं प्रतिविष आणि प्राझोसिन एकत्र दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण सावरले, तर नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मला या साऱ्यात सर्वांत मोलाची वाटते ती गोळी किती वेळा द्यायची याची त्यांची खूण. ठरावीक तासांनी गोळी देत राहायची ती हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत, हाताच्या शिरा पुन्हा दिसू लागेपर्यंत. या मोजमापाला यंत्र लागत नाही. हातात हात घेतला की कळतं.

तरुणांच्या हृदयाबद्दल लिहायचं म्हणून मी विंचवापासून सुरुवात केली, ती उगीच नाही. हृदय अचानक निकामी होण्याचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ते म्हाताऱ्या माणसाचं असतं. सत्तरी ओलांडलेले आजोबा, वीस वर्षांचा मधुमेह, सुजलेले पाय, दोन उशा घेऊन झोपणं, पहाटे घाबरं होऊन खिडकीशी जाणं. त्या चित्रात विशीतला मुलगा बसत नाही. बसत नाही म्हणून तो कुणाला दिसत नाही, घरच्यांना नाही, त्याचा त्यालाही नाही आणि कित्येकदा डॉक्टरलाही नाही.

आधी शब्दांचा एक घोळ निस्तरू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबणं. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, ते कमी पडणं. शरीराला हवं तितकं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं पण त्यासाठी मागे फुप्फुसांत आणि पोटात दाब तुंबवून ठेवतं. टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर डॉक्टर जो आकडा सांगतात त्याला आपल्याकडे सगळे ‘पंपिंग’ म्हणतात. आत आलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्याला बाहेर पडतं, तो हा आकडा. निरोगी हृदयाचा साधारण ५५ ते ७०. शंभर टक्के पंपिंग कुणाचंच नसतं. तरी “साठच आहे हो” म्हणून रडवेले झालेले नातेवाईक हृदयरोगाच्या ओपीडीबाहेर हमखास भेटतात.

म्हाताऱ्यांचा म्हणवला जाणारा हा आजार आपल्या देशात मुळातच लवकर येतो. अमेरिकेतल्या ‘अॅडहिअर’ या मोठ्या नोंदणीत अचानक बिघडून दाखल झालेल्या रुग्णांचं सरासरी वय ७२ होतं. तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत २०१३ मध्ये १,२०५ रुग्ण टिपले गेले, त्यांचं सरासरी वय ६१. पुढे देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी दहा हजारांहून अधिक रुग्णांची नोंद केली, तिथेही साठच. म्हणजे दहा-बारा वर्षांचा फरक. सरासरी साठ असेल तर तिच्या अलीकडे चाळिशीतले आणि तिशीतले किती असतील, याचा अंदाज करावा. त्या देशव्यापी नोंदणीत तीन महिन्यांच्या आत शंभरातले चौदा रुग्ण गेले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. तरुण शरीर हृदयाचं अपयश झाकायला फार हुशार असतं. पंपिंग कमी झालं की ते ठोके वाढवतं. कातडीकडे, आतड्यांकडे, मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त आखडतं आणि मेंदूला, हृदयाला पुरवतं. बाहेरून रक्तदाब जवळजवळ नेहमीचाच दिसतो. एखादा कर्जबाजारी माणूस याचं घेऊन त्याला देतो, उंबऱ्याबाहेर मात्र इस्त्रीच्या कपड्यांत हिंडतो, तसं हे चालतं. म्हाताऱ्या शरीराला ही उसनवारी फार दिवस झेपत नाही, ते लवकर बोलून टाकतं. तरुण शरीर महिनोन् महिने रेटतं आणि ज्या दिवशी उसनं मिळेनासं होतं त्या दिवशी एकदमच कोसळतं. म्हणून घरचे सांगतात, “कालपर्यंत बरा होता.” ते खोटं बोलत नसतात.

ही झाकाझाक तपासणीच्या टेबलावरही चालू राहते. १९८९ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिन वॉर्नर स्टीव्हनसन आणि जोसेफ पर्लोफ या दोन डॉक्टरांनी हृदयारोपणासाठी तपासणीला आलेले पन्नास रुग्ण पाहिले. दीर्घकाळ आजारी, पंपिंग अगदीच कमी. त्यांतल्या ४३ जणांच्या फुप्फुसांकडचा दाब धोकादायक वाढलेला होता. त्या ४३ पैकी १८ जणांत छातीत पाण्याचा आवाज नाही, पायाला सूज नाही, मानेची शीर फुगलेली नाही, म्हणजे पुस्तकातलं एकही लक्षण नाही. दाब हळूहळू वाढला की फुप्फुसं पाण्याचा निचरा करायला शिकतात, स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ. रुग्णांचं वय पाहून केलेल्या पुढच्या एका मोठ्या अभ्यासातही तेच निघालं. विशी-तिशीतले रुग्ण हृदय बिघडून दाखल झाले तरी छातीतला आवाज, सूज, एक्स-रेवरच्या खुणा त्यांच्यात वयस्कांपेक्षा कमी होत्या.

मग दिसतं काय? पोट. तुंबलेलं यकृत फुगतं, बरगडीखाली दुखतं. आतड्यांना रक्त कमी मिळतं, दोन घास खाल्ले की पोट गच्च होतं, मळमळतं, उलट्या होतात. विशीतल्या मुलाला उलट्या आणि पोटदुखी असेल तर पहिलं निदान पित्त, दुसरं कावीळ, तिसरं बाहेरचं खाणं. हृदय त्या यादीत नसतंच. खोकला असेल तर दमा किंवा न्यूमोनिया. अशा मुलाला कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बहुधा सलाईन लागतं, कारण सलाईननं ताकद येते अशी आपल्याकडे डॉक्टरांपेक्षा रुग्णांचीच श्रद्धा जबर. जे हृदय आधीच तुंबलेलं आहे त्याच्यात आणखी एक बाटली ओतली जाते. संध्याकाळी रुग्णवाहिका बोलावावी लागते.

स्टीव्हनसन यांची पुढची देणगी म्हणजे असा रुग्ण पाहताना विचारायचे दोन साधे प्रश्न. ओला की कोरडा, म्हणजे पाणी साचलंय का? आणि उबदार की गार, म्हणजे रक्त हातापायांपर्यंत पोचतंय का? तरुणांत घात करतो तो गार. रक्तदाबाचे दोन आकडे इथे पुष्कळ सांगून जातात. १०० वर ८४ असा दाब आला तर लोक म्हणतात, थोडा लो आहे, मीठ-साखरेचं पाणी घे. पण वरच्या-खालच्या आकड्यांत अंतर किती उरलं? फक्त १६. ते अंतर वरच्या आकड्याच्या चौथाईपेक्षा कमी असेल, तर हृदय फार थोडं रक्त बाहेर टाकतंय असं मानायचं, हेही त्याच १९८९ च्या अभ्यासातून आलं. निजलेल्या माणसाची नाडी मिनिटाला १२०, दाबाच्या आकड्यांत नावापुरतं अंतर आणि गार तळवे, या तिन्ही गोष्टी कळायला दोन मिनिटं पुरतात.

रक्ताच्या तपासणीतही वय मोजावंच लागतं. ताणलेलं हृदय जे द्रव्य रक्तात सोडतं, त्याचा आकडा पंच्याहत्तरीपुढच्या माणसात १,८०० च्या वर गेला तर अचानक बिघडलेलं हृदय धरतात, पन्नाशी ते पंच्याहत्तरीत ९००, आणि पन्नाशीच्या आत अवघे ४५०. आजोबांच्या रिपोर्टात ज्या आकड्याकडे कुणी वळून पाहणार नाही, तोच नातवाच्या रिपोर्टात धोक्याची घंटा असतो.

तरुणांचं हृदय बिघडतं ते कशानं? इथे वयस्कांची मळलेली वाट सुटते. अर्थात हार्ट अटॅक आहेच. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतर जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. तंबाखू आणि मधुमेह जोडीला असले की तो तिशी-चाळिशीतही गाठतो. ‘अॅसिडिटी’ म्हणून आठ तास काढले की हृदयाचा तेवढा भाग कायमचा जातो. पण त्याखेरीजची कारणं जास्त बोलण्यासारखी आहेत, कारण ती फारशी बोलली जात नाहीत.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक ताई राहायची. जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबायची आणि जो दिसेल त्याच्याशी बोलायची. भाजी काय आणली, परीक्षा कधी, आईची कंबर कशी आहे. सगळे म्हणायचे, फार गप्पिष्ट पोरगी. लग्न झालं, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात ती माहेरी आली आणि एका रात्री तिला खुर्चीत बसवून, खुर्चीसकट चौघांनी खाली उतरवलं. तेव्हा कळलं, ती गप्पा मारायला थांबत नव्हती. दम खायला थांबत होती.

लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात, आठ-पंधरा दिवसांत सगळं विसरलं जातं. काही मुलांत त्या घशातल्या जंतूविरुद्ध उठलेली शरीराची फौज हृदयाच्या झडपांवर उलटते. डावीकडची झडप वर्षानुवर्षं आकसत जाते. पाश्चात्त्य देशांत हा आजार जवळजवळ इतिहासजमा झाला, आपल्याकडे दाटीवाटीनं राहणाऱ्या घरांत तो टिकून आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्के वाढतं. अरुंद दारातून एवढी गर्दी जाणार कशी? ती मागे फुप्फुसांत तुंबते. कित्येक मुलींचं निदान पहिल्या बाळंतपणात होतं ते यामुळे. ताई वाचली. तिची झडप फुग्यानं रुंद केली. हे तंत्र जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये जगापुढे ठेवलं, आपल्याकडचे लोक त्याला नुसतं ‘बलून केलं’ म्हणतात. पुढे ती दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायला जायची आणि दोन दिवस लंगडायची, कारण ते इंजेक्शन भयंकर दुखतं. एकवीस दिवसांचं ते इंजेक्शन लहानपणीच वेळेवर चालू झालं, तर झडपेवर पुन्हा पुन्हा घाला पडत नाही. किंमत किरकोळ, काम डोंगराएवढं.

झडपा चांगल्या असलेल्या बाळंतिणीलाही धोका असतो. बाळंतपणाचा शेवटचा महिना आणि नंतरचे साधारण पाच महिने, या काळात काही स्त्रियांचं हृदय कारण न सांगता ढेपाळतं. तिची सगळी लक्षणं बाळंतपणाच्या नावावर खपून जातात. पाय सुजलेत? सुजतातच. थकवा? रात्रभर पोर उठवतं. झोप नाही? कुठल्या बाळंतिणीला असते? एकच प्रश्न विचारायचा राहतो, आडवं पडल्यावर गुदमरतं का? बाळ शांत निजलेलं असतानाही जी बाई भिंतीला टेकून बसून रात्र काढते, तिचा इको करायला हवा. वेळेवर सापडली तर निम्म्याहून अधिक जणींचं हृदय काही महिन्यांत पूर्ववत होतं. मात्र पुढचं मूल होऊ द्यायचं का, हा प्रश्न डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारीच येऊन बसतो, आणि तो सोडवायला सगळं घर बसतं. जिचा प्रश्न आहे ती सोडून.

विषाणूच्या तापानंतर हृदयाचा स्नायू सुजणं हा तिसरा प्रकार. पावसाळ्यात डेंग्यूही तो प्रताप दाखवतो. सर्दी-ताप होऊन आठवडा झाला, पोरगं कॉलेजला जाऊ लागलं आणि मग जिन्यात बसलं. यातला सर्वांत भयानक अवतार दोन दिवसांत माणसाला मरणाच्या दारी नेतो. पण अशा हृदयाला हृदयाचं काम बाहेरून करणाऱ्या एक्मो यंत्राचा काही दिवस टेकू देता आला, तर ते पुन्हा उभं राहू शकतं. विंचवाच्या विषातून वाचलेल्या पोराचंही तसंच. ऐंशीच्या घरातलं हृदय आयुष्यभर झिजून हरलेलं असतं. तरुणाचं हृदय पुष्कळदा मार खाऊन पडलेलं असतं, आणि पडलेलं उठू शकतं. म्हणून त्याला योग्य ठिकाणी पोचवण्याची घाई जास्त करायची. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, ‘जवान आहे, निघेल यातून’ म्हणून एक रात्र वाट पाहिली जाते.

उरलेले पुष्कळ जण अशा गटात मोडतात जिथे हृदय फुग्यासारखं मोठं आणि पातळ होत जातं. घरचे सांगतात, “हार्ट मोठं झालंय.” दारू, कर्करोगाची काही औषधं, थायरॉइड अशी कारणं सापडली तर बरं. नाहीतर घराण्यात पाहायचं. हृदयस्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरं गळालेली असणं हे भारतीय उपखंडात शंभरातल्या चौघांत आढळतं, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. ती गळती असलेले सगळे आजारी पडत नाहीत, पडणाऱ्यांचा आजारही बहुधा उतारवयात उमटतो. पण पंचविशीतल्या मुलाचं हृदय मोठं निघालं, तर त्याच्या भावंडांचा इको करणं हा उपचाराचाच भाग आहे. ‘काका झोपेतच गेले’ ही घरात सहज सांगितली जाणारी गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगायची असते.

औषधं मिळाली आणि ती पाळली, तर तरुण हृदय पुष्कळ देणं परत करतं. आज चार औषधांचा संच वापरतात, त्यातली काही पेटंट संपल्यावर बरीच स्वस्त झाली. पंपिंग वीसवरून पन्नासवर येतं. इथेच दुसरी झाकाझाक सुरू होते. मुलगा बरा दिसतो, ट्रेकला जातो, आणि गोळ्या सोडून देतो. लंडनच्या डॉक्टरांनी हाच प्रश्न रीतसर तपासला. पूर्ण सावरलेल्या ५१ जणांपैकी २५ जणांच्या गोळ्या देखरेखीखाली हळूहळू थांबवल्या. सहा महिन्यांत त्यातल्या ११ जणांचं हृदय पुन्हा ढासळलं. गोळ्या चालू राहिलेल्यांत एकाचंही नाही. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इको सुधारतो तो गोळ्यांच्या जिवावर, हे पंचविशीच्या मुलाला पटवणं सत्तरीच्या आजोबांना पटवण्यापेक्षा कितीतरी अवघड. आजोबांच्या सगळ्या मित्रांच्या खिशात गोळ्यांची डबी असते. याच्या एकाही मित्राच्या नसते. शिवाय मीठ कमी करायचं, आणि घरात चकल्यांचे डबे भरलेले.

ज्यांचं हृदय उठतच नाही, त्यांच्यासाठी शेवटी दुसऱ्याचं हृदय. ती गोष्ट मुंबईतल्या परळची आहे. केपटाऊनमध्ये जगातलं पहिलं हृदयारोपण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी एका तरुण शेतकऱ्यावर हृदयारोपण केलं. तो काही तासच जगला. देशातलं पहिलं यशस्वी आरोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी ३ ऑगस्ट १९९४ ला केलं. मुंबईला आपलं पहिलं यश पाहायला सत्तेचाळीस वर्षं लागली. ३ ऑगस्ट २०१५ ला पुण्याहून विमानानं आलेलं हृदय मुलुंडच्या रुग्णालयात विशीतल्या एका तरुणाच्या छातीत धडधडू लागलं.

पण बहुतेकांची वाट गोळ्यांचीच, आणि ती चाळीस-पन्नास वर्षांची. वाटेत नोकरीची वैद्यकीय तपासणी येते, विम्याचा अर्ज येतो, स्थळं येतात. ओळखीच्या एका घरात मी हे जवळून पाहिलं. मुलीचं पंपिंग सुधारलेलं, लग्न ठरलेलं. तिच्या आईनं रात्री बसून प्रत्येक पाकिटातली एकेक गोळी सोलून काढली आणि मल्टिव्हिटॅमिनच्या रिकाम्या डबीत भरली. सासरी कुणी विचारलं तर कॅल्शियमच्या म्हणून सांगायचं, असं ठरलं. डबी नीट पुसून बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवली गेली. त्या गोळ्यांतली एक गोळी पोटातल्या बाळाला अपाय करते, मूल हवं असेल तर आधी ती बदलून घ्यावी लागते. पाकिटावर ते लाल अक्षरांत छापलेलं होतं. पाकिटं आईनं कचऱ्यात टाकली होती.